आडवा हात

डेझीबाई सायमन यांची हिंदुस्थान फोर्टीन
सदरच्या गल्लीत, बदामाच्या झाडाखाली
एकोणीस वर्षं उभी.
इंजिन कामठी रोडच्या शकील उस्तादने चालतं करून दिलं होतं,
वायरिंगला मात्र तो हात लावेना.
बाई म्हणाल्या, हॉर्न नाही वाजला तरी चालेल, टेंभुर्णे,
दारामागचा हात तेवढा बाहेर आला पाहिजे.

मी रेल्वेचा सिग्नलवाला. अजनी यार्ड, चौतीस वर्षं.
मोटारीतलं मला काय कळतं?
पण हात म्हटल्यावर हो म्हणालो.

एप्रिल. दहानंतर पत्र्याला बोट लागत नाही,
टेपचा चिकटा नखांत उतरतो.
म्हणून पहाटे पाचला
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास अंगावर घेऊनच निघायचं,
सायकलला सोल्डरिंग, टेस्ट लॅम्प,
इतवारीतून आणलेली सात रंगांची वायर.

जुन्या वायरीवर सुताची वेणी असते.
नकाशात लिहिलंय: तपकिरी बॅटरीची, पांढरी इग्निशनची,
निळी मोठ्या दिव्यांची, काळी अर्थिंगची.
गाडीत सगळ्याच मातीच्या रंगाच्या.
ओढली की सूत पिठासारखं गळतं.
त्यात हिचा प्लस बॉडीला.
पहिल्या दिवशी सवयीने मायनस बांधला,
तर दिवे लावले की काटा चार्ज दाखवायचा,
खर्च करणाऱ्याला पगार मिळाल्यासारखा.

ज्याने ज्याने हात घातला, तो सही सोडून गेलेला.
कुणी दिवाळीच्या माळेची वायर जोडलेली,
कुणी साडीचा काठ गुंडाळून वर मेण,
एकाने फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी.
प्रत्येकाला शिवी दिली. हळू,
खिडकीत बाई चहा घेऊन उभ्या.

मग डाव्या खांबात, हाताच्या मुळाशी
एक जोड निघाला.
दोन तारा शेजारी शेजारी निजवलेल्या, वरून बारीक तार,
वेढ्याला वेढा लागून, मोजून अकरा.
आणि वेढे उलटे.
डावखुऱ्याचे.

लांजेवार.
हा जोड मला त्यांनीच शिकवला, केबिनच्या जिन्याखाली.
माझा पहिला कातरून फेकला होता:
काय करून राहिला बे, पायजम्याची नाडी आहे का ही?

बाईंना विचारलं. म्हणाल्या, हो, रविवारी यायचे एक रेल्वेवाले,
पैसे घेत नसत.
भावाशी बुद्धिबळ खेळायचे आणि हरायचे.
सोळा वर्षं एका डब्यातली भाकर खाल्ली आम्ही,
बुद्धिबळाचं कधी बोलले नाहीत.

मीटर लावला. रोध शून्य.
जोड कालचा वाटावा असा.
तरी कापला.
जोड चांगला म्हणून तार चांगली होत नाही,
हेही त्यांचंच.
नवी वायर अखंड टाकली, स्विचपासून खांबापर्यंत,
मध्ये कुणाचीच सही नाही.
तुकडा खिशात राहिला. धुवायला शर्ट घेताना
बायको म्हणाली, हे काय आता?
म्हटलं, असू दे.

शनिवारी स्विच फिरवला.
उजवा हात खट्कन बाहेर, पोटात केशरी दिवा.
डावा अर्ध्यावर अडकला, पंचेचाळीस अंशांवर.
आमच्या बोलीत त्याला पडला म्हणतात. म्हणजे, निघा.
इथे त्याला बिघडला म्हणतात.
तेलाचा थेंब, एक टिचकी. आला.

पुतण्या स्टिअरिंगवर, बाई मागे, डोक्याला स्कार्फ.
गल्लीच्या तोंडाशी डावा हात निघाला,
आडवा, पेटलेला,
आणि गाडी वळून गेली.

माझे पाय होते तिथेच.
चौतीस वर्षं आडवा हात म्हणजे थांब.
मागून स्कूटरवाला: काका, सरकून राहिले का नाही?
म्हटलं, थांब बापा,
अजून पडला नाही.